डोंगराच्या पोटातले संग्रहालय



 व्याख्यानमालेत संतवाङ्मय येते, इतिहास येतो, राजकारण तर येतेच येते. इमारत मात्र क्वचितच येते. आपल्याकडे इमारतीचा विचार बहुधा दोनच प्रसंगी होतो. बांधावयाची असते तेव्हा खर्चाचा, आणि पडावयास येते तेव्हा भाडेकरूंचा! या दोन टोकांच्या मध्ये इमारतीला काही म्हणावयाचे असते आणि ती ते पिढ्यान्‌पिढ्या म्हणत उभी असते, ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. आजचा तासभर आपण एका इमारतीचे म्हणणे ऐकून घेऊ.

ही इमारत जपानात आहे. क्योतो शहराच्या आग्नेयेस शिगा प्रांतात शिगाराकी नावाचा डोंगराळ भाग आहे. मातीच्या भांड्यांसाठी तो शतकानुशतके प्रसिद्ध आहे. कुंभाराच्या आव्यांचा मुलूखच म्हणा ना. त्या भागातील एका डोंगरात नोव्हेंबर १९९७ मध्ये एक वस्तुसंग्रहालय उघडले. त्याचे नाव मिहो संग्रहालय. इमारत जपानातली असली, तरी तिने ज्या प्रश्नाला उत्तर दिले तो प्रश्न आपल्या दाराशी येऊन उभा आहे. माणसाला डोंगरात काही बांधावयाचे झाले, तर त्याने डोंगराशी कसे वागावे?

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या परिचयाची आहेत. पहिले उत्तर, डोंगराच्या माथ्यावर बसावे. आपले किल्ले असे बसले, देवीची ठाणी अशी बसली, आणि पुढे साहेबांचे थंड हवेचे बंगलेही असेच बसले. दुसरे उत्तर, डोंगर उतरवून सपाट करावा आणि मग सपाटीवर जे बांधतो तेच तेथे बांधावे. हे उत्तर अलीकडचे आहे. हाताशी यंत्रे आली आणि हे उत्तर सोपे झाले. पहिल्या उत्तरात डोंगर हा चौथरा होतो, दुसऱ्यात तो अडथळा होतो. डोंगर डोंगर म्हणून दोहोंतही शिल्लक राहतोच असे नाही. किल्ल्यांनी तो बराचसा राखला, हे कबूल. पण त्याचे कारण असे, की किल्ला बांधणाऱ्याला डोंगराचा कडा हीच मोठी तटबंदी वाटत होती. कडा राखण्यात त्याचा स्वार्थ होता.

त्यातून वस्तुसंग्रहालय ही फार हट्टी इमारत असते. घर उतारावर चार पायऱ्यांनी सांभाळून घेते. देऊळ लहान असले तरी चालते. संग्रहालयाला लांबरुंद दालने हवीत, जमीन सपाट हवी, हवा कोरडी हवी. रेशीम आणि लाखकाम यांना ऊन सोसत नाही म्हणून अंधार हवा, आणि पाहणाऱ्याला दिसावे म्हणून उजेडही हवा. वर हजारो माणसे येणार, त्यांची वाहने येणार. डोंगराची प्रकृती नेमकी उलटी. तो उताराचा, ओलसर, आणि गर्दीला नाखूष. अशा दोन हट्टी पक्षांचे लग्न जमवावयाचे, तर मध्यस्थही तसाच अनुभवी हवा.

हा मध्यस्थ म्हणजे वास्तुशिल्पी आय. एम. पेई. त्यांचा जन्म १९१७ साली दक्षिण चीनमधील ग्वांगझू येथे झाला. घराणे मूळचे सूझौ शहराचे. उद्यानांसाठी सूझौची कीर्ती आहे, आणि तेथील एक प्रख्यात उद्यान पेईंच्या आप्तांच्या मालकीचे होते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते तेथे जात. त्या उद्यानांतील चित्रविचित्र खडकांची एक गोष्ट ते पुढे सांगत असत. योग्य असा दगड निवडून तो तलावात पाण्याच्या ओघात ठेवीत. पाणी त्याला झिजवी, भोके पाडी, आकार देई, आणि कधी कधी एका पिढीने ठेवलेला दगड पुढची पिढी बाहेर काढी. स्वतःला जे पाहावयास मिळणार नाही त्याची बेगमी करून ठेवावयाची, हा संस्कार मुलाच्या मनावर झाला. १९३५ साली पेई अमेरिकेस गेले, तेथेच शिकले आणि तेथेच मोठे झाले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाची पूर्वेकडील इमारत १९७८ साली, आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या चौकातील काचेचा पिरॅमिड १९८९ साली, या त्यांच्या कृती जगभर गाजल्या. पिरॅमिडवर तर पॅरिसकर इतके चिडले होते, की पेईंना रस्त्यातून चालणे अवघड झाले होते. मिहो संग्रहालय उघडले तेव्हा ते ८० वर्षांचे होते. २०१९ साली वयाच्या १०२ व्या वर्षी ते निवर्तले.

परंतु डोंगराचा पहिला धडा त्यांनी जपानात गिरवला नव्हता. तो अमेरिकेत, कोलोराडो राज्यातील बोल्डर गावी गिरवला होता. १९६१ साली वातावरणाच्या संशोधनासाठी एक राष्ट्रीय केंद्र बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. जागा रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, एका उंच पठारावर. मागे तांबूस खडकांचे प्रचंड सुळके. शहरात चार मजली इमारत मोठी दिसते. येथे तीच इमारत हत्तीसमोर ठेवलेल्या आगपेटीसारखी दिसू लागली. पेई त्या पठारावर राहिले, हिंडले. मग ते त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला मेसा व्हर्दे येथे गेले. तेथे कड्याच्या कपारीत मूळ रहिवाशांनी तेराव्या शतकात बांधलेली दगडी घरे अजून उभी आहेत. ती घरे कड्याशी स्पर्धा करीत नाहीत. कड्याच्याच दगडाची, कड्याच्याच रंगाची, कड्याला धरून उभी राहिलेली.

पेईंनी तेथून दोन गोष्टी उचलल्या. एक, द्रव्य. परिसरातील तांबूस दगडाची खडी आणि वाळू घालून त्यांनी काँक्रीट केले, आणि ते वरून ठोकून खडबडीत करवले, म्हणजे पोटातला दगड बाहेर दिसावा. दुसरी गोष्ट, वाट. इमारतीपर्यंतचा रस्ता सरळ नेला नाही. तो पठाराला वळसा घालीत नेला. इमारत दिसते, लपते, पुन्हा दिसते. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, कारण तीस वर्षांनी शिगाराकीच्या डोंगरात ती मोठी होऊन भेटणार आहे.

आता शिगाराकीकडे जाऊ. तेथे शिंजी शुमेकाई नावाचा एक धर्मपंथ आहे. निसर्ग आणि सौंदर्य यांच्या सान्निध्यात माणसाचे मन शुद्ध होते, अशी त्याची श्रद्धा. या पंथाच्या संस्थापिका मिहोको कोयामा. त्यांना कलावस्तूंचा नाद होता; संग्रहाचा प्रारंभ जपानी चहापान-विधीच्या पात्रांपासून झाला होता. पेईंनी या पंथासाठी आधी एक घंटामनोरा बांधला होता. शामिसेन हे तंतुवाद्य ज्या रुंद नखीने वाजवतात, त्या नखीच्या आकाराचा. पुढे संग्रहालयाचे काम त्यांच्याकडेच आले. संग्रहही वाढत गेला. जपानी वस्तूंना इजिप्त, पश्चिम आशिया, रोम, चीन येथील वस्तूंची जोड मिळाली. जपानपासून भूमध्य समुद्रापर्यंत जाणाऱ्या प्राचीन रेशीममार्गाचे हे जणू एक लहान चित्रच झाले.

जागा मात्र संरक्षित वनप्रदेशात होती. तेथील कायदा कडक. इमारत उंच नको. आणि जमिनीच्या वर दिसणारे छप्पर सुमारे २००० चौरस मीटरांपलीकडे जाता कामा नये. गरज मात्र १७००० चौरस मीटरांहून अधिक. म्हणजे पंगत मोठी आणि पान एक, असा प्रकार! आपल्याकडे अशा वेळी काय करतात हे मी सांगावयास नको. कायद्यातील पळवाट शोधतात, नाही तर कायदा बदलून घेतात. पेईंनी कायदा हाच नकाशाचा आरंभ मानला. छप्पर वर दिसावयाचे नाही ना, मग इमारत खाली जाईल. आज मिहो संग्रहालयाचा सुमारे ८० टक्के भाग जमिनीखाली आहे. माझे स्वतःचे मत असे, की हा कायदा नसता तर इमारत इतकी चांगली झाली नसती. कवीला वृत्ताचे बंधन असते, वास्तुशिल्पीला जमिनीचे. बंधन जाचते ते सुमार कवीला.

पण लपवले म्हणजे झाले, असे नाही. तळघरही लपलेलेच असते, आणि तळघरात कोणी हौसेने जात नाही. माणूस डोंगराच्या पोटात आनंदाने जावा, हा खरा प्रश्न. येथे पेईंना एक जुनी चिनी कथा आठवली. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांत ताओ युआनमिंग नावाचा एक थोर कवी होऊन गेला. नोकरी सोडून शेतीवर परतलेला हा माणूस. त्याने लिहिलेली ही कथा थोडक्यात अशी. एक कोळी ओढ्याने होडी हाकीत जात असता वाट चुकतो. अकस्मात दोन्ही काठांवर फुललेल्या पीच वृक्षांचे बन लागते. ओढा जेथे उगम पावतो तेथे डोंगर असतो, आणि डोंगरात एक अरुंद भगदाड. तो आत शिरतो. प्रथम जेमतेम अंग मावेल एवढी जागा. मग एकाएकी उघडी दरी, शेते, घरे, कोंबड्या-कुत्र्यांचे आवाज, आणि सुखी माणसे. त्यांचे पूर्वज फार पूर्वी जुलमाला कंटाळून येथे आलेले. बाहेर कोणती राज्ये आली नि गेली, याचा त्यांना पत्ता नाही. कोळी काही दिवस राहून परत फिरतो, वाटेवर खुणा करून ठेवतो. पण पुन्हा ती वाट कोणालाच सापडत नाही. ही कथा जपानी सुशिक्षितांच्याही ओळखीची आहे. स्वप्नातल्या सुखी स्थळाला जपानीत ‘तोगेन्क्यो’ म्हणतात, तो शब्द या कथेवरूनच आला. पेईंनी कल्पना मांडताच कोयामाबाईंना ती मनोमन पटली, यात नवल नाही.

आता या कथेची इमारत कशी झाली ते पाहा. वाहने थांबतात ती एका स्वागतकक्षापाशी. तेथून संग्रहालय दिसतच नाही. मध्ये एक डोंगर आणि त्यापलीकडे एक दरी आहे. पाहुण्याने पायी निघावयाचे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी विजेवरच्या छोट्या गाड्या आहेत, पण बहुतेक लोक चालतात. दोन्ही अंगांना झुकत्या फांद्यांची चेरीची झाडे आहेत. कथेतील पीच वृक्षांची ही जपानी भावंडे. मग डोंगरातील बोगदा लागतो. तो सुमारे २०० मीटर लांब आहे, आणि मुद्दाम वळणाचा. आत शिरताना दुसरे तोंड दिसत नाही. भिंतींना पोलादी पत्रे बसवले आहेत. चेरी फुलते त्या दिवसांत बाहेरचा गुलाबी रंग त्या पत्र्यांवर उतरतो आणि बोगद्याचे तोंड आतून रंगते. वळण संपते, उजेड दिसतो, आणि एकदम पायांखाली दरी येते. बोगद्याच्या तोंडाशीच १२० मीटर लांबीचा पूल सुरू होतो. एका कलत्या कमानीपासून पोलादी तारा पंख्यासारख्या पसरल्या आहेत आणि त्यांनी पूल उचलून धरला आहे. दरीत खांब रोवावा लागू नये, तेथली झाडी मोडू नये, म्हणून हा सगळा खटाटोप. या पुलाचे अभियंते लेस्ली रॉबर्टसन. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या त्या दोन उत्तुंग मनोऱ्यांचा सांगाडा ज्यांनी आखला तेच. २००२ साली या पुलास आंतरराष्ट्रीय अभियंता-संस्थेचा सन्मान मिळाला.

पुलाच्या पलीकडे काय दिसते? भव्य दर्शनी बाजू नाही, खांबांची रांग नाही. दिसतात काही पायऱ्या, आणि वर एक लहानसे छप्पर, डोंगरातल्या एखाद्या मंदिरासारखे. एवढ्या प्रवासानंतर एवढेसेच! पण ही युक्ती आपल्याला परकी वाटू नये. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी रचना आपण पाहिली असेल. दोन बुरुजांनी वळण घेऊन दरवाजा असा झाकला आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. तेथे दरवाजा शत्रूपासून लपवला आहे. येथे तो पाहुण्यासाठी लपवला आहे, आणि पाहुण्याला तो सापडावा, सापडल्याचा आनंद व्हावा, हा हेतू आहे. जुन्या वाड्यातही रस्त्यावरून एकदम माजघरात जाता येत नसे. देवडी लागे, चौक लागे, ओसरी लागे. पायऱ्या चढता चढता माणूस बाहेरचे बाहेर ठेवी. संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीची मूर्ती पाहावयाची, तर मनालाही अशी एक देवडी हवी. गाडीतून उतरून थेट मूर्तीपुढे उभे राहणाऱ्याचे डोळे पोहोचलेले असतात. मन अजून गाडीतच असते.

आता आत जाऊ. आत शिरताच समोर काच, आणि काचेपलीकडे एक वाकडेतिकडे वाढलेले पाइनचे झाड. त्यामागे डोंगरांच्या ओळी एकामागे एक फिक्या होत गेलेल्या. जपानी चित्रपडद्यावर जे रंगवतात तेच येथे खरे आहे. दूरवर त्या पंथाचे प्रार्थनागृह आणि पेईंचाच घंटामनोरा दरीपलीकडे दिसतो. जपानी उद्यानशास्त्रात याला ‘उसने घेतलेले दृश्य’ म्हणतात. आपल्या कुंपणात जे नाही ते दृष्टीने आपलेसे करावयाचे. उसने घेण्यात एक गुण असा, की उसनी वस्तू जपावी लागते. आपल्या पुढ्यातले दृश्य शेजाऱ्याच्या डोंगरावर अवलंबून असले, की शेजाऱ्याचा डोंगर टिकावा असे आपल्यालाही वाटू लागते.

छप्पर काचेचे आहे. पोलादी नळ्यांचा त्रिकोणी जाळीचा सांगाडा, पण त्याची घडण जपानी खेड्यातील जुन्या उतरत्या छपरांची आठवण देणारी. काचेखाली लाकडाच्या रंगाच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत. ऊन त्यांतून गाळून येते आणि भिंतीवर बांबूच्या चिकासारख्या रेघा पडतात. भिंती व फरशी फ्रान्समधून आणलेल्या मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची आहे. जमिनीखाली आहोत, असे कोठेही वाटत नाही. जेथे मजबूत दगडी मूर्ती आहेत तेथे उजेड वरून येऊ दिला आहे. जेथे रेशीम, कागद, लाखकाम आहे तेथे डोंगराचा अंधार उपयोगी पडला आहे. उत्तरेकडच्या भागात जपानी वस्तू, दक्षिणेकडच्या भागात इतर प्राचीन संस्कृतींच्या. दक्षिण भागात गंधार शैलीची बुद्धाची एक उभी मूर्ती आहे. ती दुसऱ्या शतकातील असून सुमारे अडीच मीटर उंच आहे. तक्षशिला-पेशावरच्या बाजूचा हा बुद्ध जपानच्या डोंगरात आकाशातून येणाऱ्या उजेडात उभा आहे.

येथवर जे सांगितले ते डोळ्यांना दिसणारे. आता न दिसणारे सांगतो, आणि माझ्या मते मोठेपण तेथेच आहे. इमारत डोंगराच्या पोटात आहे याचा अर्थ बोगद्यासारखे आतून कोरत गेले, असा नाही. डोंगराचा तो भाग आधी वरून खणून काढला. तेव्हाचे दृश्य खाणीसारखेच असणार. त्या खड्ड्यात इमारत बांधली. आणि ती पुरी झाल्यावर माती पुन्हा तिच्यावर, तिच्या बाजूंनी भरली, आणि झाडे लावली. जुन्या उताराची रेघ जेथे होती तेथे ती पुन्हा ओढली. आज पलीकडच्या डोंगरावरून पाहणाऱ्याला झाडी दिसते आणि झाडीतून डोकावणारी चारदोन छपरे दिसतात.

हे बोलावयास सोपे आहे. डोंगर उघडला, की तीन संकटे उभी राहतात. पहिले मातीचे. मागची माती भिंतीला रात्रंदिवस ढकलीत असते. दुसरे पाण्याचे. डोंगरातील पाण्याची जुनी वाट आपण अडवलेली असते. भिंतीमागे त्याला नवी वाट काढून दिली नाही, तर ते भिंतीतून आपली वाट काढते, आणि संग्रहालयात ओल म्हणजे चोरापेक्षा वाईट. तिसरे भूकंपाचे, आणि जपान तर भूकंपाचाच देश. पाणी डोंगरउतारावर काय करू शकते हे आपल्याला शिकवावयास नको. २०१४ सालचे माळीण आणि २०२३ सालची इर्शाळवाडी आपण विसरलेलो नाही. उतारावर बांधणाऱ्याने दर्शनी भागाचा नकाशा काढण्याआधी पाण्याचा नकाशा काढला पाहिजे, हे वाक्य मी प्रत्येक नगरपालिकेच्या भिंतीवर लिहून ठेवीन.

डोंगर कोरून अद्भुत निर्माण करण्यात आपले पूर्वज कोणाला हार जाणारे नव्हते. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले. कारागिरांनी शिखरापासून सुरुवात केली आणि पायाकडे उतरत गेले. वरून खाली, दगड काढीत काढीत. तेथे बाहेरून काही आणले नाही. डोंगरात देऊळ होतेच, नको तेवढा दगड काढून टाकला, असे वाटते. अजिंठ्याच्या लेण्यांना पूर्वी वाघोरा नदीच्या पात्रातून पायऱ्या चढून जात. म्हणजे वाटेचा विचार तेथेही होता. शिगाराकीच्या कामाची तऱ्हा वेगळी. तेथे काढलेले पुन्हा जागेवर ठेवले आहे. कैलासात डोंगराचे देऊळ झाले. येथे डोंगराचा पुन्हा डोंगर झाला. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक तो मार्ग, ज्यात डोंगर जातो आणि त्याच्या बदली काहीच येत नाही.

यावर आक्षेप घेणारे आहेत, आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा, की हे सारे फार खर्चाचे. श्रीमंत पंथाला परवडले. इतरांनी काय करावे? आक्षेप खरा आहे. पण काचेचे छप्पर आणि फ्रान्सचा दगड महाग असला, तरी वाट वळवावयास, झाडे आधी मोजून ठेवावयास आणि काढलेली माती सांभाळून परत भरावयास जो विचार लागतो, तो महाग नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. डोंगरावर इतके प्रेम होते, तर त्याला हात लावलाच कशाला? सपाटीवर जागा नव्हती? खणलेल्या मातीचे थर पुन्हा पूर्वीचे होत नाहीत. शंभर वर्षांचे झाड उपटले, तर त्या जागी रोप येते, झाड येत नाही. याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणेन, की ज्याने हात लावला त्याच्यावर ऋण राहिले आणि ते त्याने मानले. सूझौच्या तलावात दगड ठेवणारा जसा पुढच्या पिढीवर भिस्त ठेवी, तशी या डोंगरानेही ठेवली आहे. रोपे वाढत आहेत. इमारत उघडली त्या दिवशी तिचे काम पुरे झाले नव्हते. वर्षे जातील तशी ती अधिक पुरी होत जाईल. आपल्या बहुतेक इमारती उद्घाटनाच्या दिवशी सर्वांत सुंदर असतात आणि दुसऱ्या दिवसापासून उतरणीला लागतात. ही इमारत उलट दिशेने चालली आहे.

घेतलेले परत करण्याचा प्रसंग या संग्रहालयावर आणखी एका प्रकारे आला. त्याच्या संग्रहातील एक चिनी बोधिसत्त्वमूर्ती चीनच्या शांदोंग प्रांतातून १९९४ साली चोरीस गेलेली होती, असे मागाहून उघड झाले. मूर्ती विकत घेतलेली होती. परंतु २००१ साली संग्रहालयाने ती परत करण्याचे मान्य केले, आणि २००८ साली ती चीनला परत गेली. संग्रहालय म्हणजे अखेर कोठून तरी आणलेल्या वस्तूंचेच घर. घर सुंदर असले म्हणून वस्तूंचा मार्ग शुद्ध ठरत नाही. डोंगराला माती परत करणाऱ्या इमारतीने मूर्तीही परत केली, हे मला तिच्या स्वभावाला धरून वाटते. आणि ते तिच्या काचेच्या छपरापेक्षा कमी शोभेचे वाटत नाही.

आता समारोप करतो. आपल्या गावाभोवतीही टेकड्या आहेत. उद्या तेथे काही तरी उभे राहील. एखादे स्मारक, एखादे पर्यटनकेंद्र, कदाचित खरोखरच एखादे संग्रहालय. सभागृहात नकाशा मांडला जाईल, रंगीत चित्र दाखवले जाईल, आणि चित्रात इमारतीची दर्शनी बाजू असेल. त्या दिवशी आपण नागरिक म्हणून तीन प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे. टेकडीवर पायी जाणारा माणूस कोणत्या वाटेने येईल आणि वाटेत त्याला काय दिसेल? टेकडीचे पाणी आज कोठून वाहते आणि उद्या कोठून वाहील? आणि जी माती, जी झाडे काढणार, ती कोठे ठेवणार आणि केव्हा परत करणार? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी असतील, त्याने इमारत कोणत्याही शैलीत बांधावी. माझी हरकत नाही. ज्याच्यापाशी नसतील, त्याचे चित्र कितीही रंगीत असो, त्याला नम्रपणे सांगावे, की आधी टेकडी चालून या, मग बोलू.

कथेतील कोळ्याला ती दरी पुन्हा सापडली नाही. आपली टेकडी मात्र अजून जागेवर आहे, आणि तिच्याकडे जाणारी वाटही आपल्या माहितीची आहे. ती सापडेनाशी होऊ नये, एवढी काळजी आपण घ्यावयाची.